‘माझा मुलगा मागे पडलाय का?’ : ट्रॅव्हल सॉकरचे ट्रायआउट, ए टीम, बी टीम आणि घरातले निर्णय

प्रश्न थोडक्यात असा. मध्य न्यू जर्सीतल्या एका ताईंचा मुलगा दहा वर्षांचा आहे, जन्म नोव्हेंबर 2015 चा. दोन वर्षं ट्रॅव्हल सॉकर (निवड करून घेतलेल्या संघांनी गावोगावी जाऊन खेळायचा फुटबॉल) खेळतोय आणि दोन्ही वर्षं क्लबच्या बी टीममध्ये, म्हणजे दुसऱ्या संघात. मे महिन्यात ट्रायआउट, म्हणजे संघनिवडीच्या चाचण्या आहेत. क्लबने मेल केलाय की 2026-27 मध्येही तो अंडर-11 मध्येच राहील, आणि त्याचे बरेच मित्र अंडर-12 मध्ये जातील. मागच्या वर्षी ए टीम हुकली तेव्हा तो गाडीत रडत घरी आला होता. पंचवीस मैलांवरचा दुसरा क्लब ‘आमच्या ए टीममध्ये या’ म्हणतोय. वडिलांना वाटतं, खासगी ट्रेनिंग लावावं. ताई विचारतात, ‘तो मागे पडलाय का? आणि आम्ही नेमकं काय करायचं?’

ताई, तो मागे पडलेला नाही. त्या मेलमुळे तुम्हाला मुलाला नापास केल्यासारखं वाटलं, ते मी समजू शकतो; गेल्या दोन महिन्यांत बऱ्याच घरांतून हाच सूर ऐकलाय. पण इथे नियम बदललाय. तुमच्या मुलाबद्दल कुणी काही ठरवलेलं नाही.

2016-17 पासून अमेरिकेत मुलांच्या सॉकरचे वयोगट जन्मवर्षावर चालत होते. 1 जानेवारी ते 31 डिसेंबरमध्ये जन्मलेली सगळी मुलं एका गटात. 2026-27 च्या हंगामापासून यूएस युथ सॉकर, यूएस क्लब सॉकर आणि एवायएसओ या संस्थांनी ही रेघ 1 ऑगस्टवर आणली. आता 1 ऑगस्ट 2015 ते 31 जुलै 2016 या काळातली मुलं अंडर-11. शाळेच्या इयत्तेशी गट जुळावेत हा त्यामागचा हेतू. तुमचा मुलगा नोव्हेंबरचा. म्हणजे आत्तापर्यंत 2015 च्या मुलांमध्ये तो जवळजवळ सगळ्यात लहान होता. जानेवारीत जन्मलेला त्याचा टीममेट त्याच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठा. दहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात दहा महिने म्हणजे काय, ते शाळेच्या वर्गाचा फोटो पाहिला तरी कळतं. येत्या सप्टेंबरमध्ये हाच मुलगा आपल्या गटातल्या मोठ्या मुलांपैकी एक असेल. मैदान तेच, नऊ-नऊचा खेळ तोच, चार नंबरचा चेंडू तोच, आणि समोरची मुलं बरीचशी त्याच्यापेक्षा लहान.

मी गेली सतरा वर्षं इथे अंडर-9 ते अंडर-14 च्या मुलांना शिकवतोय आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं निवडीच्या खोलीत बसलोय. काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात मी माझ्याच जुन्या रोस्टरवरच्या (संघाच्या यादीवरच्या) जन्मतारखा बघत बसलो होतो. ए टीममध्ये जानेवारी ते एप्रिलची मुलं दाटीनं होती, ऑक्टोबर ते डिसेंबरची एखाद-दुसरं. बी आणि सी टीममध्ये उलटं. मी प्रामाणिकपणे ‘खेळ बघून’ निवड केली असं समजत होतो, आणि प्रत्यक्षात मी महिने बघत होतो. खेळाचा अभ्यास करणाऱ्यांना ही गोष्ट अनेक देशांत, अनेक खेळांत सापडली आहे: रेघेच्या लगेच अलीकडे-पलीकडे जन्मलेल्या मुलांच्या वाट्याला फार वेगळी वागणूक येते. मोठा मुलगा निवडला जातो, त्याला चांगला कोच मिळतो, जास्त सामने मिळतात, आणि दोन वर्षांनी तो खरोखरच चांगला दिसायला लागतो.

त्या यादीत एक डिसेंबरचा मुलगा होता. अंगानं बारीक, पायात चेंडू आला की मान वर करून बघायची सवय. त्या वयात ती सवय फार थोड्या मुलांत असते. मी त्याला तिसऱ्या टीममध्ये टाकलं, कारण धक्का लागला की तो पडायचा. तिसऱ्या टीमला त्या वर्षी कोचही धड नव्हता. पुढच्या वसंतात तो ट्रायआउटला आलाच नाही. चूक माझी होती. तेव्हापासून मी ट्रायआउटच्या कागदावर प्रत्येक नंबरापुढे जन्ममहिना लिहून घेतो आणि बाकीच्या कोचनाही लिहायला लावतो. तुमच्या क्लबमध्ये असं करतात का, हे विचारायला काहीच हरकत नाही.

म्हणून या मे महिन्यात तुमच्या मुलाची बाजू गेल्या दोन वर्षांपेक्षा बळकट आहे. पण इथेच एक सावधगिरी. कदाचित क्लब त्याला ‘जुन्या मित्रांबरोबर वरच्या गटात खेळतोस का’ असंही विचारेल. ऐकायला फार छान वाटतं. मला विचाराल तर तुमच्या मुलाच्या बाबतीत मी नको म्हणेन. अंडर-12 मध्ये तो पुन्हा सगळ्यात लहान होईल, आणि त्याच्या पुढच्या वर्षी अंडर-13 मध्ये अकरा-अकराचा खेळ, मोठं मैदान, पाच नंबरचा चेंडू. वयात येण्याच्या आधीच्या मुलाला तिथे फक्त धावावं लागतं. मुलांची उंची झपाट्यानं वाढते ती सरासरीनं तेराव्या-चौदाव्या वर्षी (मुलींची त्याच्या साधारण दोन वर्षं आधी), आणि एकाच इयत्तेतल्या दोन मुलांच्या शरीराच्या वयात दोन-तीन वर्षांचाही फरक असू शकतो. जो मुलगा दोन वर्षं पळवाटा काढत, चेंडू लवकर सोडत जगलाय, त्याला एक वर्ष तरी चेंडू पायात ठेवून, अंगावर आलेल्याला चकवून, चुकून, पुन्हा करून बघण्याची मुभा मिळू दे. मित्र शाळेत भेटतीलच.

आता ट्रायआउट म्हणजे नेमकं काय होतं ते सांगतो, कारण पालकांच्या डोक्यातलं चित्र आणि प्रत्यक्ष यांत बराच फरक असतो.

पालकांना वाटतं की त्या दोन संध्याकाळी कोरी पाटी असते आणि मुलगा त्यावर आपलं नाव लिहितो. तसं नसतं. क्लबमध्ये आधीपासून असलेल्या मुलांना कोचनी वर्षभर पाहिलेलं असतं. मैदानावर चाळीस मुलं असतील तर त्यांतल्या तीसेक मुलांची जागा खोलीतल्या लोकांना आधीच ठाऊक असते. खरी चर्चा चालते ती ए आणि बी यांच्या रेघेवरच्या पाच-सहा मुलांची आणि बाहेरून आलेल्या नव्या मुलांची. तुमचा मुलगा बहुधा रेघेवरच्यांत आहे. म्हणजे त्याच्यासाठी या दोन संध्याकाळी महत्त्वाच्या आहेतच, पण त्याहून महत्त्वाचा आहे आत्ताचा एप्रिल. या महिन्यातल्या प्रॅक्टिसला तो वेळेवर येतो का, रांगेत उभा असताना ऐकतो का, हरल्यावर कसा वागतो, हे सगळं त्या खोलीत बोललं जातं. पावसाच्या मंगळवारी आलेली मुलं कोचच्या लक्षात राहतात.

मुलांना नंबर लिहिलेल्या पिनी (शर्टवर घालायच्या पातळ बंड्या) देतात. थोडा वॉर्मअप, मग चेंडूसोबत काही, आणि बहुतेक सगळा वेळ छोटे सामने: तीन-तीन, चार-चार, मग नऊ-नऊ. बाजूला दोघं-तिघं क्लिपबोर्ड घेऊन उभे असतात. पालकांना वाटतं ते गोल मोजतायत. गोल मी जवळजवळ लिहीतच नाही. मी काय बघतो ते सांगतो. चेंडू यायच्या आधी मुलगा खांद्यावरून मागे बघतो का? पहिल्या स्पर्शाला चेंडू कुठे जातो, पायाखाली अडकतो की मोकळ्या जागेत? चेंडू गेला की पुढचे तीन-चार सेकंद तो काय करतो, हात कमरेवर ठेवतो की परत झडप घालतो? दुसऱ्या पायाला घाबरतो का? एकास एक असताना बचाव करताना एकदम झेपावतो, की पावलं छोटी करून समोरच्याला थोपवतो? आणि एक गोष्ट पालकांना माहीतच नसते: टीममेटनं चूक केल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, तेही मी बघतो. हात वर करून वैतागणारा मुलगा कितीही चांगला असला तरी त्याच्या नावापुढे मी खूण करतो.

यातलं खांद्यावरून बघणं आणि चेंडू गेल्यावर लगेच परत झगडणं, या दोन गोष्टी अंगकाठीवर अवलंबून नाहीत आणि तीन आठवड्यांत सुधारू शकतात. घरामागच्या अंगणात एकानं समोरून चेंडू ढकलायचा आणि त्याच वेळी दुसऱ्यानं मुलाच्या मागे उभं राहून बोटं दाखवायची. मुलानं चेंडू यायच्या आधी वळून बघून आकडा सांगायचा आणि मग चेंडू घ्यायचा. रोज दहा मिनिटं. ताई, तुम्ही बोटं दाखवा, वडिलांना चेंडू ढकलू द्या. तिघांचं खेळणं होईल.

खासगी ट्रेनिंगबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ट्रायआउटच्या आधी सहा तास विकत घेऊन निवड बदललेली मी फारशी पाहिली नाही. शंकूंच्या मधून वेगानं चेंडू नेणारी मुलं सामन्यात शंकू नसले की गोंधळतात. एखादी नेमकी अडचण असेल, समजा डावा पाय अजिबात चालत नाही, तर उन्हाळ्यात चार-पाच तास जरूर लावा. पण एप्रिलमध्ये भीतीपोटी लावू नका. मुलाला त्यातून एकच कळतं की आईबाबा घाबरलेत. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही इथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की मुलाला आठवड्यातून एक-दोन दिवस तरी खेळापासून पूर्ण सुट्टी हवी, वर्षात एका खेळापासून निदान तीन महिने विश्रांती हवी, आणि एकाच खेळाला वाहून घेणं साधारण पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत लांबवलेलं बरं. तुम्ही लिहिलंय की तो आत्ता आठवड्याला तीन प्रॅक्टिस आणि एक सामना करतोय. त्यात आणखी दोन तास घातले तर सुट्टीचा दिवस कुठून आणणार? तो बुधवारी पोहायला जातो ते बंद करू नका.

वडिलांनी कॉलेज स्कॉलरशिपचाही विषय काढलाय असं तुम्ही लिहिलंत. त्यांना एवढंच सांगा की हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुलांपैकी एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेतल्या कॉलेजांत खेळायला जाणारी मुलं सगळे खेळ मिळून साधारण शंभरात सहा-सात, आणि त्यातही पूर्ण फी माफ होणारी फार थोडी. दहाव्या वर्षीच्या बी टीमचा त्या हिशेबाशी काही संबंध नाही, ए टीमचाही नाही.

ट्रायआउटच्या दिवसाबद्दल फार काही नाही. जुने, पायाला बसलेले बूट. नवे बूट त्या दिवशी घालून आलेली मुलं मी दरवर्षी टाचा धरून बसलेली बघतो. दोन तास आधी पोहे किंवा पोळी-भाजी, त्यानंतर फक्त पाणी. न्यू जर्सीत मे महिन्यात परागकणांचा कहर असतो, आणि तुमच्या मुलाला दम्याचा थोडा त्रास आहे असं तुम्ही लिहिलंय, तर इनहेलर बॅगेत हवाच, आणि नोंदणीच्या टेबलवर ते सांगून ठेवा. अर्धा तास आधी पोहोचा. आणि मग, ताई, गाडीत बसा किंवा दूरच्या टोकाला जाऊन उभ्या राहा. ‘पुढे जा रे!’, ‘पास दे!’, ‘अरे बघतोस काय!’ अशा हाका बाकीच्या कोचना समजत नसतील, मला समजतात, आणि त्यांनाही एवढं दिसतं की मुलगा चेंडूऐवजी आईकडे बघतोय. मैदानाच्या कडेवरच्या आवाजाकडे तीनदा वळलेला मुलगा मी नोंदवून ठेवतो. त्याच्यावर फुली मारायला नाही. त्याला माझ्या जवळच्या बाजूला खेळवून शांत करायला.

दोन-तीन दिवसांत मेल येईल. त्यात टीमचं नाव असेल, आणि 24 किंवा 48 तासांत उत्तर द्या, अमुक डॉलर डिपॉझिट भरा, ते परत मिळणार नाही, असं असेल. ही घाई क्लबच्या सोयीची आहे, कारण एक मुलगा नाही म्हणाला की यादी खालून सरकवावी लागते. त्या दोन दिवसांत डोकं शांत राहत नाही. म्हणून विचार आत्ता करून ठेवा, मेल यायच्या आधी. माझा अनुभव असा की टीमचं अक्षर सोडून चार गोष्टींवर मुलाचं वर्ष ठरतं.

पहिली आणि सगळ्यात मोठी, शिकवणार कोण. क्लबचं नाव नको, माणसाचं नाव हवं. ट्रायआउट घेणारे डायरेक्टर आणि मंगळवार-गुरुवारी प्रत्यक्ष मैदानावर असणारा माणूस बऱ्याचदा वेगळे असतात. त्या माणसाची एक प्रॅक्टिस आत्ताच लांबून बघून या. चांगली मुलं काय करतात ते बघू नका. सगळ्यात कच्च्या मुलाशी तो कसा बोलतो ते बघा, आणि सामन्यात बेंचवरच्या शेवटच्या मुलाला कधी आत घेतो ते बघा. अर्ध्या तासात तुम्हाला वर्षभराचं उत्तर मिळेल.

दुसरी, तो किती मिनिटं खेळेल. नऊ-नऊच्या खेळाला रोस्टरवर बारा-तेरा मुलं असतील तर सगळ्यांना भरपूर वेळ मिळतो. सोळा असतील तर सात मुलं कायम बाहेर. ए टीममधला सोळावा मुलगा सामन्याला पंधरा मिनिटं खेळतो आणि तीही घाबरत, कारण चुकलो तर बाहेर. बी टीममधला पहिल्या चारांतला मुलगा जवळपास पूर्ण सामना खेळतो, पेनल्टी मारतो, कर्णधार होतो, चुका करतो आणि त्या दुरुस्त करायला मैदानावरच असतो. दोन वर्षांनी हे दोघं समोरासमोर आले तर मी कुणावर भरवसा ठेवीन, ते मला विचारायची गरज नाही. म्हणून क्लबला सरळ विचारा: रोस्टर किती मुलांचं, आणि मिनिटांबद्दल तुमचं लेखी धोरण काय?

तिसरी, दोन टीमच्या मधली भिंत किती उंच आहे. काही क्लब दोन्ही टीमची प्रॅक्टिस शेजारच्या मैदानांवर एकाच वेळी ठेवतात, मुलं इकडून तिकडे जातात, ए टीमला माणूस कमी पडला की बी मधला गेस्ट म्हणून खेळतो. काही क्लबमध्ये दोन टीम वेगळ्या दिवशी, वेगळ्या गावात. पहिल्या प्रकारच्या क्लबमध्ये बी टीम ही खोली आहे, दुसऱ्या प्रकारच्यात ती कोठडी होऊ शकते.

चौथी गोष्ट पैसा आणि रस्ता. फी विचारताना नुसती फी विचारू नका. युनिफॉर्म, टूर्नामेंटचे पैसे, कोचचा प्रवासखर्च, हॉटेल, हिवाळ्यातलं इनडोअर हे सगळं धरून वर्षाचा आकडा किती, असं विचारा. पहिल्या कागदावरच्या आकड्यापेक्षा तो बराच मोठा निघतो. अस्पेन इन्स्टिट्यूट या अमेरिकन संस्थेच्या पाहणीत 2024 मध्ये अमेरिकेतल्या कुटुंबांनी मुलाच्या मुख्य खेळावर सरासरी 1,016 डॉलर खर्च केले, 2019 पेक्षा 46 टक्के जास्त. आणि त्या सरासरीत गावच्या रेक लीगची (निवड न करता सगळ्यांना घेणाऱ्या हौशी लीगची) मुलंही आहेत. आपल्याकडच्या ट्रॅव्हल क्लबांत याच्या दुप्पट-तिप्पट सहज होतं. बहुतेक क्लबांत आर्थिक मदतीचा अर्ज असतो. तो मागायला संकोच करू नका, आणि डिपॉझिट भरण्याआधी मागा.

आता तो पंचवीस मैलांवरचा क्लब. त्यांनी ट्रायआउटच्या आधीच ए टीममध्ये जागा देऊ केलीय, याचा अर्थ त्यांना तुमचा मुलगा आवडला असेल, किंवा त्यांना रोस्टर भरायला मुलं कमी पडत असतील. दोन्ही शक्य आहे. कळण्याचा मार्ग सोपा: त्यांची ए टीम कुठल्या लीगमध्ये, कुठल्या फ्लाइटमध्ये (लीगमधल्या पातळीवर) खेळते ते बघा आणि तुमच्या आत्ताच्या बी टीमचं फ्लाइट बघा. मी अशा कितीतरी जोड्या पाहिल्यात की एका क्लबची ए आणि दुसऱ्याची बी एकाच फ्लाइटमध्ये एकमेकांशी खेळतात आणि बी जिंकते. ‘प्रीमियर’, ‘एलिट’, ‘अ‍ॅकॅडमी’ हे शब्द कुणीही जर्सीवर छापू शकतो.

आणि रस्ता. रूट 1 वर संध्याकाळी साडेपाचला पंचवीस मैल म्हणजे जातानाच पाऊण तास ते तास, आठवड्यातून तीनदा. तो घरी साडेआठ-नऊला येणार, मग जेवण, मग गृहपाठ. धाकटी बहीण गाडीच्या मागच्या सीटवर वाढणार. शिवाय त्या क्लबचे सामने रविवारी सकाळी असतात असं तुम्ही लिहिलंय, आणि रविवारी सकाळी त्याची मराठी शाळा आहे. ती सोडावी लागेल. हा निर्णय तुमचा. मी एवढंच सांगेन की माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांपैकी आज जी कॉलेजात आहेत, त्यांच्यातली कुणीही मला दहाव्या वर्षीच्या टीमबद्दल बोललेली नाहीत, पण आजीशी मराठीत बोलता येत नाही याची खंत दोघांनी बोलून दाखवलीय.

त्या क्लबचा कोच खरोखर चांगला असेल, रोस्टर छोटं असेल, आणि तुमच्या क्लबमध्ये बी टीमला दुर्लक्षित ठेवत असतील, तर जा. पंचवीस मैलही चालवा. पण ‘ए’ या अक्षरासाठी जाऊ नका. तिथे एक-दोन प्रॅक्टिसला पाहुणा म्हणून खेळायची परवानगी मागा; बहुतेक क्लब देतात. येताना गाडीत मुलाला ‘आवडलं का?’ असं विचारू नका, तो तुमच्या चेहऱ्यावरून उत्तर देईल. ‘कुणाचं नाव लक्षात राहिलं?’ असं विचारा. दोन-तीन नावं सांगितली तर तिथे त्याला करमेल.

पुन्हा बी टीम आली तर कोचला मेल करायचाय, पण त्याच रात्री नाही. एक दिवस जाऊ दे. मेलमध्ये दुसऱ्या मुलाचं नाव नको. ‘त्याला घेतलं, मग याला का नाही’ असा मेल आला की कोच बचावात जातो, आणि तुमच्या मुलाबद्दलचं खरं मत तुम्हाला कधीच कळत नाही. एवढंच लिहा: जागा स्वीकारतो आहोत, पुढच्या सहा महिन्यांत त्यानं कुठल्या दोन गोष्टींवर काम करावं असं तुम्हाला वाटतं, आणि हिवाळ्यात पुन्हा एकदा त्याच्याकडे बघाल का? शक्य असेल तर हा प्रश्न मुलालाच प्रॅक्टिसनंतर विचारू द्या. दहा वर्षांचा मुलगा समोर उभा राहून ‘कोच, मी काय सुधारू?’ म्हणाला की कुठल्याही कोचला तो विसरता येत नाही. उत्तर मोघम आलं, ‘फक्त खेळत राहा’ वगैरे, तर त्या कोचनं त्याला नीट पाहिलेलं नाही, आणि दुसऱ्या क्लबचा विचार करायला ते पुरेसं कारण आहे.

टीममध्ये जागाच मिळाली नाही, तर गावच्या रेक लीगमध्ये एक वर्ष खेळवा आणि हिवाळ्यात फुटसाल, म्हणजे छोट्या कोर्टवरचा इनडोअर फुटबॉल. त्या जड, कमी उसळणाऱ्या चेंडूनं लहान चणीच्या मुलांचे पाय फार छान तयार होतात. पण तुमच्या मुलावर ती वेळ येईल असं मला वाटत नाही.

आता गाडीतलं रडणं. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याबद्दल.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल पेठांचा, तालमींचा. लहानपणी आम्ही मोठ्यांचे सामने बघायला शाहू स्टेडियमवर जायचो आणि दुसऱ्या दिवशी बोळात तेच खेळायचो. ट्रायआउट नावाची गोष्टच नव्हती. तालमीची मोठी मुलं बघायची, कधीतरी म्हणायची, ‘ये रे उद्यापास्नं.’ ज्याला म्हणाले नाहीत तोही तिथेच असायचा, चेंडू आणून द्यायचा, शेवटची दहा मिनिटं त्यालाही घ्यायचे, आणि दोन वर्षांनी अंग भरलं की तो संघात असायचा. त्या पद्धतीतही अन्याय होते. पण तुला वगळलंय असा लेखी मेल कुणाला येत नव्हता. इथे आपण आठ-नऊ वर्षांच्या मुलांना दरवर्षी तसा मेल पाठवतो. तो मेल पाठवणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून हे बोलण्याची जबाबदारीही माझी आहे. नॉर्वेत मुलांच्या खेळाचे राष्ट्रीय नियम असे आहेत की अकराव्या वर्षाच्या आधी गुणतक्ते आणि क्रमवारी लावायची नाही. तिथलं सगळं इथे आणता येणार नाही, पण घरात तेवढं आणता येतं.

मुलाला बातमी तुम्ही दोघांनी सांगा, एकत्र, घरी, बसून. मित्राच्या फोनवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कळू देऊ नका. मेल संध्याकाळी येतात आणि सकाळच्या स्कूल बसमध्ये सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, म्हणून त्याच रात्री सांगा. रडला तर रडू द्या. ‘कोचला काही कळत नाही’ म्हणू नका, त्याला त्याच कोचकडे जायचंय. ‘पुढच्या वर्षी नक्की’ असंही म्हणू नका, ते तुमच्या हातात नाही. नोव्हेंबर आणि ऑगस्टचा हिशेब मात्र त्याला जरूर सांगा, कागदावर काढून दाखवा. दहा वर्षांच्या मुलाला हे पक्कं कळतं. गेल्या दोन वर्षांत आपण ज्यांच्याशी झगडलो ती मुलं आपल्यापेक्षा मोठी होती, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

पॉटलकच्या जेवणाला कुणी विचारलं, ‘तुमचा कुठल्या टीमला?’ तर त्याच्यासमोर ‘अजून बी मध्येच आहे’ म्हणू नका. त्या ‘अजून’ आणि ‘च’ मधलं सगळं त्याला ऐकू येतं. ‘लेफ्ट मिडफिल्ड खेळतो’ म्हणा, कारण ते खरं आहे आणि त्याचं आहे.

तुम्ही शेवटी विचारलंय की नाशिकच्या आजोबांना दर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर काय सांगायचं, कारण ते नेहमी ‘पहिल्या टीमला लागला का?’ विचारतात. आजोबांना आधी एक वेगळा फोन करा आणि त्यांना एक काम द्या. दर रविवारी त्यांनी नातवाला एवढंच विचारायचं की या आठवड्यात चेंडू यायच्या आधी तू किती वेळा मागे वळून बघितलंस. आकडा त्यांनी वहीत लिहून ठेवायचा.